पहिली सही

आमच्या गावात दोन पक्ष आहेत असं बाहेरची माणसं म्हणत. गावात राहणाऱ्याला ठाऊक होतं की पक्षबिक्ष काही नव्हते, दोन घरं होती. चढावरचं ते वरचं घर आणि देवळापाशी उतारावरचं ते खालचं घर. मी वरच्या घरची सून, तिथले कर्ते माझे सासरे. खालच्या घरचे कर्ते माझे चुलत सासरे. दोघांचे वडील सख्खे भाऊ होते, आणि दोघांची नाकं तर एकाच साच्यातून काढल्यासारखी. एके काळी दोन्ही घरं एकाच पक्षात होती. मग जिल्हा परिषदेचं तिकीट आमच्या सासऱ्यांना मिळालं, आणि चुलत सासऱ्यांना देशाची, लोकशाहीची आणि गोरगरिबांची अशी एकदम तिघांची काळजी लागली. त्यांनी दुसरा झेंडा आणून अंगणात लावला. तिकीट उलटं मिळालं असतं तर झेंडेही उलटे लागले असते. या झेंड्यांपायी गावातली माणसं एकमेकांच्या लग्नाला जाईनाशी झाली. त्याचं मला आजही हसू येतं, आणि हसता हसता तोंड कडू होतं.

खरं भांडण झेंड्याचं नव्हतंच, ते पालखीचं होतं. शिमग्यात ग्रामदेवतेची पालखी देवळातून उठते तेव्हा पहिला खांदा कोणी द्यायचा, हा मान वरचं घर आपला म्हणे, खालचं घर आपला म्हणे. त्यावर रत्नागिरीच्या कोर्टात दावा चालू होता. मी लग्न होऊन आले तेव्हा तो जुना झालेला होता आणि माझी मुलगी शाळेत जायला लागली तरी तो चालूच होता. निकाल लागेपर्यंत दोन्ही घरांना पहिल्या खांद्याची मनाई होती. त्यामुळे कित्येक शिमगे आमच्या देवीच्या पालखीला पहिला खांदा बंदोबस्ताच्या हवालदाराने दिला, आणि तो होता सांगलीकडचा. त्याला बिचाऱ्याला पालखी नाचवता येत नसे. दोन्ही घरचे मानकरी फेटे बांधून बाजूला उभे राहत आणि दुसऱ्याला मिळत नाही ना, यावर समाधान मानत.

मी गावच्याच शाळेत शिक्षिका होते. आमचे हे मुंबईला. गिरणी संपात बंद पडली, पण गावी येऊन बापाच्या हाताखाली बसण्यापेक्षा त्यांनी एका गोदामात नोकरी धरली, हा त्यांच्या आयुष्यातला सगळ्यात शहाणा निर्णय होता. संपाने बेकार झालेली बाकीची माणसं मात्र गावात येऊन बसली होती. त्यांना काम नव्हतं, म्हणून दोन्ही घरांना घोषणा द्यायला माणसं फुकट मिळत.

शाळेला लागूनच मोहल्ला. मोहल्ल्याचं पहिलं घर खालाचं. खाला म्हणजे मावशी, सारं गाव तिला तसंच म्हणे. खालाशी माझी ओळख भांडणाने झाली. रविवारी शाळा बंद असली की ती शाळेच्या ओट्यावर सुकट वाळत घाली. सोमवारी पहिलीची पोरं नाकाला हात लावून बसत, आणि काही नुसतीच भुकेली होत. मी तिला जाऊन म्हटलं, "खाला, शाळा आहे ही. इथे सुकट घालू नका."

तिने मला खालून वर पाहिलं. "शाळा तुज्या सासऱ्याची काय गो? हितं माज्या बापाचा खळा व्हता. त्यानं दिला म्हनून तुमची शाळा झाली. माज्या बापाच्या खळ्यात मी सुकट घालीन नायतर भात झोडीन."

चौकशी केली तर ते खरं निघालं. जमीन तिच्या वडिलांनीच दिली होती. शाळेच्या भिंतीवरच्या पाटीवर मात्र आमच्या आजेसासऱ्यांचं नाव होतं, कारण त्यांनी पाटी दिली होती. मी पुन्हा सुकटीचा विषय काढला नाही. त्यानंतर आमचं जमलं. शाळा सुटल्यावर वर्गाच्या वह्या तपासायला मी थांबे तेव्हा माझी मुलगी खालाच्या अंगणात असे. खालाच्या कोंबड्या, आणि त्या कोंबड्यांना खाला ज्या शिव्या देई त्या, दोन्हींवर माझ्या मुलीचा फार जीव. त्यातली एक शिवी तिने घरी सासूबाईंच्या देवपूजेत वापरली, तेव्हा मला बरंच ऐकून घ्यावं लागलं.

खाला काही साधूसंत नव्हती. चिक्कू होती, संशयी होती. शेजारणीच्या कोंबडीने आपल्या परसात अंडं घातलं तर ते आपलंच म्हणून ठेवून घेई. पण मी तापाने पडले होते तेव्हा आमच्या घरातलं कोणी विचारपूस करायच्या आधी ती पेजेचं भांडं घेऊन मागच्या दाराने आली होती. मला ती आवडे. आईवर करावं तसं मी तिच्यावर प्रेम करत होते, आणि हे मी तिला कधी सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर तिने मला कोंबडीचीच शिवी दिली असती.

ती याच गावात जन्मली. फाळणीच्या आधी लग्न झालं तेव्हा नवरा कराचीच्या गोदीत होता. त्या काळी कराची म्हणजे मुंबईसारखंच एक बंदर, आगबोटीत बसलं की यायचं. ती आगबोटीत बसून सासरी गेली आणि तिच्या मागे देशाचे दोन तुकडे झाले. तिला कोणी विचारलं नव्हतं. नवरा गेला, पोटी मूल नव्हतं, सासरच्यांना तिचं ओझं झालं. मधल्या वर्षांत येण्याजाण्याची वाटच बंद होती. ती उघडली तशी खाला भावाकडे आली आणि राहिली. कराचीबद्दल तिचं मत एका वाक्याचं होतं. "थंय पानी खारा नि मान्सा त्याच्यापरीस खारी."

तिचा पासपोर्ट तिकडचा. त्यामुळे दरवर्षी रत्नागिरीला पोलीस साहेबांच्या कचेरीत जाऊन राहण्याचा परवाना वाढवून घ्यावा लागे. भाऊ होता तोवर तो तिला घेऊन जाई. भाऊ वारल्यावर हे काम माझ्या चुलत सासऱ्यांनी अंगावर घेतलं. मोहल्ल्याची मतं खालच्या घराची, तेव्हा एवढं करणं भागच होतं. "तू कशाला म्हातारपणी एसटीत हाडं खिळखिळी करून घेतेस, मी साहेबांना भेटतो," असं म्हणून त्यांनी पासपोर्ट नेला आणि कपाटात ठेवला. परवान्याची मुदत संपली तरी तो कपाटातच होता. साहेबांना भेटायचं त्यांच्या मनात होतं, पण मधे कुठली निवडणूक नव्हती, त्यामुळे राहून गेलं.

आता बंधाऱ्याची गोष्ट सांगते, कारण सगळं तिथून सुरू झालं.

खाडीकाठच्या भातशेतीत खारं पाणी शिरू नये म्हणून गावाचा जुना मातीचा बंधारा होता. सरकारने तो दगडी करायला पैसे दिले. ठेका माझ्या सासूबाईंच्या भावाला, म्हणजे आमच्या मामेसासऱ्यांना मिळाला. दुसरा कोणाला मिळणार होता? काम झालं, नारळ फुटला, साहेब जीपने येऊन पाहून गेले. साहेबांची जीप जिथवर जाई तिथवर बंधारा असा चिरेबंदी झाला की त्यावर लग्नाची पंगत बसावी. पुढे वळण होतं. वळणापलीकडे जीप जात नव्हती आणि साहेब बूट चिखलात घालत नव्हते. तिथून पुढे जुनीच माती होती, वर चार टोपल्या नवी टाकून लिंपून घेतलेली. गावात हे शेंबड्या पोराला माहीत होतं. पहिल्या मोठ्या उधाणाला पाणी बरोबर त्या वळणापलीकडून आत आलं आणि बौद्धवाडीची, कुणब्यांची आणि मोहल्ल्याची शेतं करपली. खालाच्या भावाचा तुकडाही त्यातच गेला. वरच्या आणि खालच्या दोन्ही घरांची शेतं उंचावर होती.

चुलत सासऱ्यांना हे घबाडच सापडलं. त्यांनी रत्नागिरीला अर्ज केले, मुंबईला अर्ज केले, ओटीवर पत्रकार बसवून त्याला आंबोळ्या खाऊ घातल्या. जनतेचा पैसा, जनतेचा पैसा, असं ते इतक्या वेळा म्हणत की ऐकणाऱ्याला वाटावं, हा माणूस रात्री उशाला जनता घेऊन झोपतो. याच माणसाने सरपंच असताना समाजमंदिर बांधलं होतं. त्याला चार भिंती होत्या, छप्पर नव्हतं, आणि पैसे छपरासकट आले होते. पण तो भ्रष्टाचार जुना झाला होता, आणि आमच्याकडे जुन्या भ्रष्टाचाराला परंपरा म्हणतात.

चौकशी लागणार असं दिसू लागलं तेव्हा आमचे सासरे अस्वस्थ झाले. जेवता जेवता थांबत. ग्रामसभा शाळेतच भरली. चुलत सासरे उभे राहिले आणि बंधाऱ्यावर बराच वेळ बोलले. बोलले चांगलं, खोटं काही बोलले नाहीत. मागे बायकांत खाला बसली होती. आपल्या शेताचं काहीतरी होईल म्हणून ती आली होती.

सासरे उठले. बंधाऱ्याबद्दल त्यांनी एक अक्षर काढलं नाही. ते म्हणाले, "जनतेच्या पैशाचा हिशोब विचारनाऱ्यांनी आदी येवडा सांगावा. कराचीची बाई या गावात कोनाच्या आशीर्वादानं ऱ्हाते? तिचा परवाना कदी संपलाय? देश मोटा का बंधारा मोटा?"

असा शांत वर्ग मी शाळेत कधी पाहिला नाही. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या याच, पण बोंब बरोबर ठिकाणी लागली. बंधारा त्या क्षणी संपला. सगळ्यांची तोंडं मागे वळली आणि खालाकडे लागली. तिला आधी कळलंच नाही. मग ती बसल्या जागेवरून म्हणाली, "माजा शेत बुडला त्याचा बोला. मी जल्मापासनं हितलीच हाय, ह्ये तुला ठावं नाय काय रे?"

सासरे आपल्या जागेवर जाऊन बसले. चुलत सासरे तिच्या बाजूने उठतील असं मला वाटलं होतं. ईदेला तिच्या हातची सांदणं पहिली त्यांच्या घरी जात. ते खाली बसून राहिले आणि घाम पुसत राहिले.

पुढचं ऐकून विश्वास बसणार नाही, पण या दोन घरांना ओळखणाऱ्याचा लगेच बसेल. सासरे उद्या रत्नागिरीला जाऊन खालाविरुद्ध तक्रार देणार, हे खालच्या घराला कळलं. आपल्याला कोणी देशद्रोही म्हणू नये, म्हणून चुलत सासऱ्यांनी त्यांच्या आधीची एसटी पकडली आणि तीच तक्रार, त्याच बाईविरुद्ध, त्यांच्या आधी दिली. ज्या बाईचा पासपोर्ट यांच्याच कपाटात पडून होता तिच्याबद्दल हे कळवतात, की तिच्याकडे परवाना नाही. सासरे पोचले तेव्हा चुलत सासरे कचेरीच्या पायऱ्या उतरत होते. दोघांनी एकमेकांना पाहिलं आणि न बोलता मान फिरवली. घरी येऊन सासरे चिडले ते कशावर, तर तो आधी पोचला यावर.

फौजदार चौकशीला आला. तरुण होता, देशावरचा, आणि माणूस बरा होता. खालाला मुदतीत देश सोडण्याची नोटीस देताना त्यालाच अवघडल्यासारखं झालं. तिने नोटीस हातात घेतली, उलटी-सुलटी केली आणि मला दिली. मी वाचून दाखवली. ती म्हणाली, "कोंबड्यांचा काय करू?"

मी फौजदाराच्या मागे जीपपर्यंत गेले आणि काही वाट आहे का विचारलं. त्याने सरळ सांगितलं. गावातून दोन तक्रारी आहेत आणि दोन्ही वजनदार माणसांच्या आहेत, म्हणून वरती कोणी जोखीम घेणार नाही. पण दोघांनी एका कागदावर लिहून सही केली, की ही बाई याच गावात जन्मलेली आहे आणि आमची काही तक्रार नाही, तर तो परवाना वाढवायची शिफारस करील. पुढे नागरिकत्वाचा अर्जही करता येईल. "मुदतीच्या आत कागद मिळाला तर म्हातारीला कोणी हलवणार नाही," तो म्हणाला. "दोन सह्यांचं तर काम आहे, बाई."

त्याला बिचाऱ्याला आमचं गाव ठाऊक नव्हतं.

आणि गंमत अशी, की दोन्ही घरं तयार होती. कारण मधल्या काळात बंधाऱ्याचं मिटलं होतं. वळणापुढच्या कामाला सरकारने नवे पैसे मंजूर केले, आणि ठरलं असं की दगड आमच्या मामेसासऱ्यांनी पुरवायचा आणि माती चुलत सासऱ्यांच्या पुतण्याने. चौकशी विरघळली. जनतेच्या पैशाची आठवण कोणी काढीना. खालाचं काम संपलं होतं, तिला घालवून आता कोणाला काही मिळणार नव्हतं. उलट मोहल्ल्यात तोंड दाखवायचं होतं. सासरे म्हणाले, "बाई गरीब हाय, ऱ्हाऊ दे." चुलत सासरेही तेच म्हणाले. मी देवापुढे साखर ठेवली.

सह्यांसाठी फौजदार शाळेतच आला. माझ्या टेबलावर बसून त्याने मजकूर लिहिला, वाचून दाखवला. दोघांनी मान डोलावली. खाला दारात उभी होती, नेसूचं धुतलेलं, डोक्यावरचा पदर नीट केलेला. फौजदाराने पेन पुढे केलं. चुलत सासरे जवळ बसले होते म्हणून त्यांच्याकडे केलं, दुसरं काही कारण नव्हतं.

"थांबा साहेब," आमचे सासरे म्हणाले. "पयली सही आमची."

"ती का म्हनून?" चुलत सासऱ्यांनी हात मागे घेतला.

फौजदार हसला. त्याला वाटलं थट्टा चालली आहे. मग दोघांनी मिळून त्याला पालखीचा दावा समजावून सांगितला, आणि त्या समजावण्यात दोघांची अगदी एकवाक्यता होती. गावच्या कागदावर ज्याची सही वर त्याचा मान पहिला. आज खाली सही केली तर उद्या समोरचा वकील तो कागद कोर्टात नाचवील, की बघा, यांनी स्वतःच दुसरा मान कबूल केला. दोघांच्याही वकिलांनी निक्षून सांगून ठेवलं होतं, कुठल्याही कागदावर दुसरी सही करायची नाही. म्हणून तर तेव्हा गावात एकही सामाईक कागद होत नव्हता. देवळाच्या कौलांची मंजुरी त्यापायी अडली होती आणि देवीच्या डोक्यावर गळत होतं.

"मग शेजारी शेजारी करा," फौजदार म्हणाला.

पण कागद डावीकडून वाचतात. डावीकडे कोण, यावर अर्धी सकाळ गेली.

शेवटी मीच म्हटलं, दोघांनी दोन पेनं घ्या आणि एकाच वेळी सही करा, डावीकडे वाटेल तो बसो. हे दोघांना पटलं. शाळेच्या मैदानावर पोरांची शर्यत सोडते तशी मी एक, दोन, तीन म्हणाले. पन्नाशी उलटलेले दोन पुरुष कागदावर तुटून पडले. आमच्या सासऱ्यांचं नाव आखूड, चुलत सासऱ्यांचं लांब. सासऱ्यांची सही आधी संपली आणि त्यांनी पेन जरा जास्तच जोरात खाली ठेवलं. ते पाहून चुलत सासऱ्यांचा हात नावाच्या मध्यावर थांबला. त्यांनी आपलं अर्धं नाव खोडून टाकलं. म्हणाले, "नाव लांब हाय हा काय माजा गुन्हा?"

दारातून खाला हे सगळं पाहत होती. थोड्या वेळाने कोंबड्या कोंडायला निघून गेली.

पुढे दोन वेगळे कागद करून पाहिले. दोघांनी आपापल्या घरी लिहिले, आणि दोघांनी सहीखाली स्वतःला 'गावचे प्रथम मानकरी' म्हणवून घेतलं. फौजदाराने ते वर पाठवले. वरून शेरा आला, की एका गावाला दोन प्रथम मानकरी कसे, त्यातल्या कोणाचं म्हणणं गावाचं धरायचं याचा खुलासा करावा. फौजदार पुन्हा एकदा आला, दोघांच्या ओटीवर चहा प्याला आणि गेला. मुदत संपत आली होती. मी मुंबईला यांना लिहिलं, की वडिलांशी बोला. उत्तर आलं, मानपानात बायकांनी पडू नये. गोदामात राहून माणसात गावची हवा कशी टिकून राहते पाहा.

मग मीच बोलले. ओटीवर चार माणसं बसली होती त्यांच्यासमोर बोलले, जे सुनेने करायचं नसतं.

"मामंजी, एकदा सही खाली केली तर काय होईल?"

"सूनबाई, तुमाला त्यातला कळत नाय. पिढ्यांचा मान हाय."

"आणि खाला?"

"तिचा वाईट वाटता. पन मानूस आज हाय, उद्या नाय. मान कायमचा असता."

"तो आहे कुठे पण तुमच्याकडे? पालखी तर सांगलीचा हवालदार उचलतो."

सासऱ्यांनी पानाचं तबक पुढे ओढलं आणि सुपारी कातरायला घेतली. त्यानंतर ते माझ्याशी बरेच दिवस बोलले नाहीत. शाळेत मुलांना हात जोडायला लावून 'वडीलधाऱ्यांचा मान राखावा' हा धडा मी त्याच आठवड्यात शिकवला. तेव्हा मला स्वतःचीच शिसारी आली.

खाला गेली ती सकाळच्या एसटीने. बरोबर एक म्हातारा हवालदार. तो तिला मुंबईपर्यंत नेणार, तिथून दुसरा, पुढे पंजाबात हद्दीवर तिसरा. तिने कोंबड्या शेजारणीला दिल्या. ज्या शेजारणीची अंडी ती ठेवून घेई तिलाच दिल्या आणि वर दटावलं, की विकल्यास तर बघ. तिच्याकडे एक ट्रंक होती आणि आमसुलांची पिशवी. कराचीत आमसूल मिळत नाही म्हणाली. माझ्या मुलीने तिचा हात धरून ठेवला होता. मी रडत होते. खाला रडत नव्हती, ती ट्रंक टपावर चढवणाऱ्या कंडक्टरशी भांडत होती.

तेवढ्यात चढावरून आमचे सासरे आले आणि उतारावरून चुलत सासरे. दोघांच्या हातात नारळ. माहेरवाशीण निघाली, तर गावाकडून नारळ द्यायला हवा. रीत म्हणजे रीत. गाव गोळा झालं होतं. दोघंही एसटीच्या दारापाशी येऊन उभे राहिले, आणि उभेच राहिले. कारण पहिला नारळ कोण देणार, हे ठरलेलं नव्हतं. आधी पुढे होण्याची दोघांचीही तयारी होती, पण एकाने पाऊल उचललं की दुसरा उचले, मग दोघंही थांबत. कंडक्टर दोनदा "चला, चला" म्हणाला.

खाला खिडकीत बसली होती. तिने दोघांकडे पाहिलं. आवाज न चढवता म्हणाली, "न्हान व्हतात तवा दोगंव माज्या कडंवर मुतलाव. कोन पयला मुतला ता मना आठवत नाय रे. आठवला असता तर सांगून गेलू असतू."

हवालदाराने तोंड फिरवलं. कंडक्टरने घंटी दिली आणि एसटी निघाली. पुढे तिचं काय झालं ते मला कळलं नाही. मोहल्ल्यात कोणी म्हणे ती कराचीत पुतणीकडे आहे, कोणी म्हणे हद्द ओलांडल्यावर महिन्याभरातच गेली. खात्रीने सांगणारा कोणी भेटला नाही.

दोन्ही नारळ परत गेले. आमचा मी उंबऱ्याच्या बाहेरच ठेवला होता. दुपारी सासरे तो स्वतः आत घेऊन आले आणि सासूबाईंना म्हणाले, उकडतंय, कढी करा. मी नारळाला हात लावणार नाही, असं मी सांगितलं. सासूबाईंची बोटं संधिवाताने वळत नव्हती. तेव्हा सासरे, ज्यांनी जन्मात कधी स्वयंपाकघरात पाय ठेवला नव्हता, विळीवर बसले, मान खाली घालून त्यांनी तो अख्खा नारळ खोवला आणि पानावर बसून दोन वाट्या सोलकढी प्याले.

"नारळ गोड निगाला," ते म्हणाले.